आवाज आणि चित्र सुटतात कुठे? घरी बांधलेल्या क्रिस्टल सिंक सर्किटमधला दोष शोधताना

फिल्म स्कॅन होऊन आली, रेकॉर्डरवरचा आवाज तिच्यावर बसवला, सुरुवातीची टाळी अगदी फ्रेमवर जुळली, आणि दोन मिनिटांनी पाहावं तर बोलणाऱ्याचे ओठ मिटले तरी शब्द चालूच. अशा वेळी हात लगेच सोल्डरिंग आयर्नकडे जातो. तो जाऊ देऊ नका. डबा उघडण्याआधी चूक किती आहे आणि ती कशी वागते हे मोजा. ती सावकाश वाढत जाते, एकदम उडी मारते, की मागेपुढे झुलते, एवढं कळलं तरी दोष क्रिस्टलकडे आहे, कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टकडे आहे, मोटरकडे आहे की सर्किटमध्ये मुळीच नाही, याचा निवाडा बहुतेक वेळा होऊन जातो.

मी ज्या सर्किटबद्दल लिहिते आहे ते कॅमेऱ्याचा वेग क्वार्ट्झ क्रिस्टलच्या अचूक घड्याळाला बांधून ठेवतं. ते असं असतं. कॅमेरा प्रत्येक फ्रेमला एक पल्स देतो. क्रिस्टलच्या फ्रीक्वेन्सीला भागत भागत आपण सेकंदाला नेमके २४ पल्स तयार करतो. त्याला मी पुढे संदर्भ म्हणेन. फेज कम्पॅरेटर या दोघांची तुलना करतो आणि त्यानुसार मोटरचं व्होल्टेज किंचित वरखाली होतं. रेकॉर्डरमध्ये त्याचा स्वतःचा क्रिस्टल असतोच. दोघंही आपापल्या घड्याळाला पक्के राहिले की मध्ये वायर लागत नाही. पूर्वी ती लागायची. पायलटोन पद्धतीत कॅमेरा २५ फ्रेमच्या वेगाला ५० हर्ट्झ किंवा २४ फ्रेमच्या वेगाला ६० हर्ट्झचा सिग्नल केबलमधून नाग्रासारख्या टेप रेकॉर्डरला द्यायचा आणि टेपवर आवाजासोबत तोही नोंदला जायचा. आता रेकॉर्डरच्या वेगाची काळजी मिटली आहे. शंका घ्यायची ती कॅमेऱ्यावर आणि आपण बांधलेल्या डब्यावर.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करून घ्या. ५० फुटांच्या सुपर ८ कार्ट्रिजमध्ये ३६०० फ्रेम असतात, म्हणजे २४ च्या वेगाने अडीच मिनिटं. साधा बाजारू क्रिस्टल दशलक्षात ५० भागांनी चुकीचा असला तरी अडीच मिनिटांत साडेसात मिलिसेकंदांचा फरक पडतो. एक फ्रेम असते ४१.६७ मिलिसेकंदांची. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रोलला, म्हणजे सुमारे ११ मिनिटांना, हाच फरक ३३ मिलिसेकंद होतो. तोही एका फ्रेमच्या आतच. तेव्हा डोळ्यांना दिसेल एवढी चूक 'क्रिस्टल जरा इकडेतिकडे असेल' म्हणून जवळजवळ कधीच होत नसते. क्रिस्टलजवळचा ट्रिमर, म्हणजे फ्रीक्वेन्सी किंचित सरकवणारा छोटा कपॅसिटर, फिरवत बसण्यात संध्याकाळ घालवू नका. मला विचाराल तर तो ट्रिमर या सर्किटमध्ये नसावाच.

रेकॉर्डरच ऑसिलोस्कोप

फिल्म महाग असते आणि धुऊन यायला वेळ लागतो, म्हणून निदान फिल्मशिवाय करायचं. ज्या रेकॉर्डरवर आवाज घेता त्याच्या डाव्या चॅनलला सर्किटचा संदर्भ द्या आणि उजव्या चॅनलला कॅमेऱ्याचा पल्स. ५ व्होल्टचा सिग्नल सरळ देऊ नका. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून घ्या, पुढे १०० किलोओहम आणि १ किलोओहमची विभागणी करा. म्हणजे इनपुटला सुमारे ५० मिलिव्होल्ट पोचतात. हे लाइन इनपुटला द्या. माइक इनपुटच असेल तर आणखी कमी करा, आणि फँटम पॉवर बंद असल्याची दोनदा खात्री करा. ते ४८ व्होल्ट तुमच्या ५ व्होल्टच्या आयसीला सोसणारे नाहीत. रेकॉर्डरचं आपोआप लेव्हल सांभाळणं बंद ठेवा आणि एमपीथ्री न करता वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्झवर.

४८ किलोहर्ट्झच का, ते आता पाहा. ४८,००० भागिले २४ म्हणजे २०००. प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन हजार सॅम्पल! २५ फ्रेमला १९२०. आकडे असे पूर्ण येतात की मोजायला कागद लागत नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर २४ फ्रेमला १८३७.५ येतात, आणि त्या अर्ध्या सॅम्पलपायी उगाच डोकं शिणतं.

कॅमेऱ्यात जुनं, वापरलेलं कार्ट्रिज घाला. रिकाम्या कॅमेऱ्यावर चाचणी घेतलीत तर मोटरवर खरा भार नसतो आणि सगळं सुंदर दिसतं. तीन मिनिटं चालवा. मग ती फाइल ऑडॅसिटीसारख्या कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये उघडा आणि निवडलेल्या तुकड्याची लांबी सॅम्पलमध्ये दाखवायला सांगा. पडद्यावर वरच्या पट्टीत संदर्भाचे सुळके आणि खालच्या पट्टीत कॅमेऱ्याचे सुळके, अशा दोन रांगा दिसतील.

पहिलं काम वरच्या रांगेचं. एक सुळका धरून पुढचे ३६०० मोजा, किंवा १०० मोजून गुणा. १०० फ्रेमला २,००,००० सॅम्पल यायला हवेत. ३६०० ला ७२ लाख. ७२ लाखांऐवजी ३६० सॅम्पल कमीजास्त असतील तर ते दशलक्षात ५० भाग झाले, सोडून द्या. रेकॉर्डरचा क्रिस्टलही तेवढा चुकीचा असू शकतो, आणि अखेर जुळायचं आहे ते त्याच्याशीच. पण फरक हजारोंमध्ये असेल, तर मोटर, कॉन्टॅक्ट, ट्रान्झिस्टर सगळं बाजूला ठेवा. संदर्भच खोटा आहे.

दुसरं काम खालच्या रांगेचं. वरचा सुळका आणि त्याच्या जवळचा खालचा सुळका यांच्यातलं अंतर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा. लॉक असेल, म्हणजे मोटर संदर्भाला धरून चालत असेल, तर ते अंतर जवळपास तेवढंच राहतं. शून्य असायची गरज नाही. अंतर वाढत गेलं तर लॉक नाही. अचानक २००० ने बदललं तर एक फ्रेम निसटली. या एका रेकॉर्डिंगने सर्किटचे दोन भाग होतात, आणि शोध निम्म्यावर येतो.

संदर्भ खोटा निघाला तर

४०६० आयसीवर (ऑसिलेटर आणि भागणारा काउंटर एकाच चिपमध्ये) २.४५७६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ही माझी आवडती जोडी आहे. पहिल्या पिनवर ४०९६ ने भागलेली फ्रीक्वेन्सी मिळते, म्हणजे बरोबर ६०० हर्ट्झ. त्याला पुढे २५ ने भागलं की २४, आणि २४ ने भागलं की २५. एकाच क्रिस्टलवर दोन्ही वेग. मल्टीमीटरला फ्रीक्वेन्सीची रेंज असेल तर पहिल्या पिनवर ६०० दिसतात का बघा. स्वस्त मीटर २४ हर्ट्झवर गडबडतात, ६०० वर सहसा नाही.

६०० ऐवजी भलतंच काही दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही, तर बारावी पिन बघा. ती रीसेट आहे आणि जमिनीला (ग्राउंडला) बांधलेलीच हवी. मोकळी राहिली तर सर्किट कधी चालतं, कधी बोट जवळ नेलं की थांबतं. बोट जवळ नेल्यावर वागणूक बदलली, की कुठलं तरी सीमॉस इनपुट लोंबकळतं आहे असंच समजा. मग दहाव्या आणि अकराव्या पिनच्या मधला फीडबॅक रेझिस्टर बघा, १ ते १० मेगाओहमचा. तो नसेल तर ऑसिलेटर सुरूच होत नाही. क्रिस्टलच्या पायावर मीटरची किंवा प्रोबची टोकं लावून तपासू नका. तेवढ्या भारानेही तो थांबतो. सातव्या पिनवर १६ ने भागलेला सिग्नल असतो, तिथे बघा. ब्रेडबोर्डवर हे सर्किट लहरी वागतं, पट्ट्यांमधली कपॅसिटन्स नडते. क्रिस्टलचा भाग तरी सोल्डर करून घ्या.

मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी दोन सापळे आहेत आणि मला ते वारंवार भेटतात. पहिला हा, की अर्डुइनो उनो आर ३ वर चकचकीत क्रिस्टल दिसतो, पण तो यूएसबीच्या चिपचा असतो. मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर दिलेला आहे आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. अडीच मिनिटांत तो पाऊण सेकंद होतो, म्हणजे १८ फ्रेम. सिंकसाठी खरा क्रिस्टल असलेला बोर्ड हवा किंवा बाहेरून घड्याळ द्यायला हवं. दुसरा सापळा प्रोग्रॅममध्ये असतो. फ्रेमचा काळ मिलिसेकंदांत मोजला की ४१ किंवा ४२ लिहावे लागतात. ४१ म्हणजे सेकंदाला २४.३९ फ्रेम, ४२ म्हणजे २३.८१. मायक्रोसेकंदांत मोजा. ४१,६६७, ४१,६६७, ४१,६६६ असं आळीपाळीने द्या. तीन फ्रेमला बरोबर १,२५,००० होतात आणि शिल्लक काही उरत नाही.

दोन्ही रांगा जुळतात, तरीही फिल्मवर आवाज सुटतो

हे ऐकून लोक चक्रावतात, पण सर्वांत सोपा प्रकार हाच. सर्किट ठीक आहे. गडबड पुढे झाली आहे. किती टक्के सुटतं ते काढा, आकडाच बोलतो. ०.१ टक्का असेल, म्हणजे अडीच मिनिटांत साडेतीन फ्रेमच्या आसपास, तर स्कॅन २३.९७६ च्या वेगाची फाइल म्हणून आलेला आहे. एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये क्लिपचा वेग २४ असा समजावून सांगा, काम झालं. ४ टक्के असेल तर २४ ने चित्रित केलेली फिल्म २५ ने स्कॅन झाली, किंवा उलट. पावणेनऊ टक्क्यांजवळ असेल तर ४८ किलोहर्ट्झचा आवाज कोणी तरी ४४.१ म्हणून वाचला आहे. स्कॅन करणाऱ्याला आधीच विचारा: फाइल नक्की किती फ्रेमची देणार, आणि फिल्मच्या एका फ्रेमची फाइलमध्ये एकच फ्रेम असेल ना? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फ्रेम मिसळून दिलेली फाइल नंतर सरळ करणं फार कठीण जातं.

आणि चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढीच राहत असेल तर ती सर्किटची नाहीच. ट्रिगर दाबल्यावर मोटर लॉक व्हायला वेळ लागतो. टाळी सर्किटवरचा लॉकचा दिवा लागल्यावर द्या, त्याआधी नको. माइक टाळीपासून १४ मीटर दूर असेल तर आवाज यायलाच एक फ्रेम जाते, हेही लक्षात असू द्या.

कॉन्टॅक्ट: इथे वेळ द्या

घरगुती सिंक सर्किटमधले निम्म्याहून जास्त दोष माझ्या मते इथेच असतात. अनेक सुपर ८ कॅमेऱ्यांवर फ्लॅशसाठी एक छोटा गोल पीसी सॉकेट असतो आणि त्याच्या आतली पितळी पट्टी प्रत्येक फ्रेमला एकदा मिटते. ही पट्टी फ्लॅश पेटवण्यासाठी केलेली, पल्स मोजण्यासाठी नव्हे. शिवाय ती कित्येक दशकं हवेत पडून आहे. काही कॅमेऱ्यांत तर हा सॉकेट फक्त एकेक फ्रेम घेण्याच्या मोडमध्ये जिवंत असतो. आधी मीटर लावून चालत्या कॅमेऱ्यावर खात्री करा.

एका मैत्रिणीच्या कॅमेऱ्याची फाइल अजून माझ्याकडे आहे. वरची रांग: २०००, २०००, २०००. खालची रांगही बराच वेळ तशीच. मग एका जागी एका सुळक्याऐवजी दोन सुळके, मध्ये फक्त १४० सॅम्पल, म्हणजे तीन मिलिसेकंदांहून थोडं कमी. त्यानंतरचे अर्धा सेकंदभराचे सुळके लांब लांब पडत जातात: २०८०, २१५०, २२१०, आणि पुन्हा हळूहळू २००० वर येतात. यापुढे सगळं शिस्तीत. फक्त चित्र आता कायमचं एक फ्रेम सरकलेलं आहे. काय झालं ते त्या चार आकड्यांत स्पष्ट दिसतं. पट्टी मिटताना एकदा उडाली, कम्पॅरेटरला वाटलं एक फ्रेम जास्त झाली, त्याने मोटर हळू केली, आणि हिशेब त्याच्या मते जुळल्यावर वेग परत दिला. सर्किटने आपलं काम चोख केलं. त्याला माहितीच खोटी मिळाली.

दिशेवरून ओळखायची खूण अशी: जास्तीचा पल्स आला तर कॅमेरा एक फ्रेम कमी काढतो, चित्र आखूड होतं आणि आवाज मागे पडतो. पल्स हुकला तर कॅमेरा एक फ्रेम जास्त काढतो आणि आवाज पुढे पळतो. म्हणजे आवाज पायरीपायरीने मागे पडत असेल तर उडणारी पट्टी शोधा, पुढे जात असेल तर गंजलेली पट्टी. प्रत्येक फ्रेमला दोन पल्स जात असतील तर कॅमेरा खुशाल १२ च्या वेगाने लॉक होतो आणि लॉकचा दिवाही लागतो. तेव्हा दिव्यावर विसंबू नका, कान मोटरच्या आवाजाकडे असू द्या.

गंजलेल्या पट्टीला थोडा करंट लागतो. १० किलोओहमच्या पुलअप रेझिस्टरने ५ व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर जातो. काळवंडलेल्या पृष्ठभागातून तेवढा नेहमी पार होत नाही. १ किलोओहम लावा, ५ मिलिअँपिअर होतील, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच हुकलेले पल्स परततात. त्याहून फार पुढे जाऊ नका. सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारायचा मोह होईल, पण तो आत लेन्सकडे आणि शटरकडे पसरतो. काडीच्या टोकाला थेंबभर घेऊन फक्त सॉकेटची आतली कड पुसा.

उडणाऱ्या पट्टीसाठी नुसता रेझिस्टर आणि कपॅसिटर पुरत नाही. त्यातून हळू चढणारी कड निघते आणि साधी गेट तिच्यावरच दोनदा बदलते. मध्ये श्मिट ट्रिगर हवा, ४०१०६ किंवा ७४एचसी१४. त्यापुढे मोनोस्टेबल लावा, जो पहिल्या कडेनंतर सुमारे २५ मिलिसेकंद दुसरं काहीच ऐकणार नाही. ५५५ ने करायचं तर २२० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडने २४ मिलिसेकंद मिळतात. एक मात्र सांभाळा. काही कॅमेऱ्यांत पट्टी फ्रेमचा बराच भाग मिटलेलीच राहते, आणि ५५५ चा ट्रिगर तेवढा वेळ खाली राहिला तर त्याचं आउटपुटही अडकून राहतं. ट्रिगर कपॅसिटरमधून द्या, किंवा कडेवर चालणारा ४५३८ वापरा.

ज्यांच्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याला असा सॉकेटच नाही, ते फिरत्या दांड्यावर चुंबक आणि हॉल सेन्सर लावतात. बोलेक्स एच १६ वर एक दांडा आठ फ्रेमला एकदा फिरतो. तिथे एकच चुंबक लावला तर सेकंदाला तीनच पल्स मिळतात, आणि एवढ्या तुटपुंज्या बातमीवर मोटर धरून ठेवता येत नाही. आठ चुंबक किंवा आठ खाचा लागतात. त्या खाचा हाताने कापलेल्या असतील तर रेकॉर्डिंगमध्ये दर आठ सुळक्यांनी तीच लय पुन्हा दिसेल: एक अंतर मोठं, एक छोटं, पुढच्या फेरीत पुन्हा तेच. हा इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नाही. कानस घ्या आणि खाच दुरुस्त करा.

मोटर आणि सेल

पल्स स्वच्छ, संदर्भ खरा, तरीही लॉक होत नाही? मग विचारा: मोटरला वेग वाढवायला जागा आहे का? सर्किट मोटरला जेवढं मिळतं त्यातूनच कमी करून देतं. स्वतःहून जास्त देऊ शकत नाही. सर्किट बाजूला काढून मोटरला पूर्ण व्होल्टेज दिलं की कार्ट्रिजसह २८ ते ३० च्या वेगाने चालली पाहिजे. रेकॉर्डरवर सुळक्यांचं अंतर १७०० च्या खाली आलं म्हणजे जागा आहे.

ही जागा कुठे खर्च होते ते पाहा. सहा अल्कलाइन सेल म्हणजे ९ व्होल्ट. एलएम ३५८ या ऑपअँपचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. पुढे टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर म्हणून लावला असेल तर तो आणखी सुमारे १.४ व्होल्ट खातो. मोटरपर्यंत पोचले सहा. रिचार्जेबल सेल घातले तर सुरुवातच ७.२ पासून आणि मोटरला जेमतेम सव्वाचार. टेबलावर पॉवर सप्लायने सगळं चालतं आणि बाहेर सेलवर चालत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक इथे असतं. मोटरच्या खालच्या बाजूला लॉजिक लेव्हलचा मॉसफेट लावा, हे दोन-तीन व्होल्ट परत मिळतात.

याच घरातला दुसरा दोष ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरचा. त्याला आत साधारण ७ व्होल्ट हवेत. मोटर सुरू होताना जो झटका बसतो त्यात सेलचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, लॉजिकचे ५ व्होल्ट ढासळतात आणि काउंटर भलत्याच आकड्यावर जाऊन बसतो. कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर लावा, त्याच्या आधी एक डायोड आणि मागे ४७० मायक्रोफॅरड. मोटरच्या ब्रशमधून ठिणग्यांचा कचरा येतो तो वेगळाच: मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, दोन्ही टोकांपासून मोटरच्या पत्र्याला आणखी एकेक, आणि उलटा लावलेला १एन५८१९ डायोड. जमिनीच्या वायरी सेलच्या टोकाशीच एकत्र आणा. मोटरचा करंट लॉजिकच्या जमिनीतून वाहत असेल तर कुठलाही फिल्टर उपयोगी पडणार नाही. कॅमेऱ्याचा सांगाडा पीसी सॉकेटच्या एका टोकाला जोडलेला असतो, हे विसरून लोक नकळत असा दुसरा रस्ता तयार करतात. तिथे पीसी ८१७ सारखा ऑप्टोकपलर घातला की प्रश्न मुळातच मिटतो.

जुन्या कॅमेऱ्यांच्या मोटरवर यांत्रिक गव्हर्नर असतो. तो असेपर्यंत तुमचं सर्किट आणि गव्हर्नर यांची ओढाताण चालणार. गव्हर्नर वरच्या वेगावर न्या किंवा त्याचा कॉन्टॅक्ट बायपास करा. नंतरच्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो. तिथे मोटरला हात न लावता वेगाच्या प्रीसेटच्या वायरीतच दुरुस्ती सोडणं उत्तम.

लॉक डोळ्यांनी पाहायचा असेल तर संदर्भाच्या पल्सने एक एलईडी पेटवा, पण एकदोन मिलिसेकंदच. जास्त वेळ पेटला तर दृश्य पुसट होतं. अंधारात तो फिरत्या शटरवर धरा आणि शटरवर पांढऱ्या पेन्सिलची एक रेघ मारा. लॉक असेल तर रेघ हवेत थांबलेली दिसते. ती दहा सेकंदांत एक पूर्ण चक्कर मारत असेल तर वेग सेकंदाला ०.१ फ्रेमने चुकतोय, म्हणजे कार्ट्रिजअखेर १५ फ्रेम. रेघ थरथरली तर पुढचा भाग वाचा. ही पद्धत मला फार प्रिय आहे, कारण इथे आकडेमोड न करता यंत्र स्वतः दाखवतं. मात्र सेकंदाला २४ वेळा लुकलुकणारा दिवा अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना धोक्याचा आहे. खोलीत आणखी कोणी असेल तर आधी विचारा.

झुलणारा वेग

सुळक्यांची सरासरी २००० आहे, पण आकडे १९४० ते २०६० मध्ये संथ लाटेसारखे फिरतात. आवाज शेवटपर्यंत सुटत नाही, तरी चित्र किंचित धडधडतं आणि एक्स्पोजरही मंदपणे वरखाली होतं. लूप, म्हणजे पल्स, कम्पॅरेटर आणि मोटर यांची साखळी, प्रमाणाबाहेर घाई करतो आहे. त्याला सेकंदाला बातम्याच २४ मिळतात. दोन हर्ट्झपेक्षा वेगाने प्रतिक्रिया द्यायला गेला की तो झुलणारच.

४०४६ च्या, म्हणजे फेज कम्पॅरेटर असलेल्या आयसीच्या, तेराव्या पिनवर मी २२० किलोओहमने सुरुवात करते, पुढे जमिनीला ४.७ मायक्रोफॅरड, आणि त्या कपॅसिटरच्या मालिकेत ४७ किलोओहम. हा ४७ किलोओहम लोक गाळतात आणि मग मोटर कधीच स्थिरावत नाही. फेज हा वेगाचा साचलेला हिशेब असतो, त्यात कपॅसिटरही साठवणारा, आणि दोन साठवणारे एकामागे एक आले की लाट थोपवायला काही तरी हवंच. झुलणं थांबत नसेल तर तो रेझिस्टर वाढवून बघा, आधी दीडपट. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असेल तर तो गळतो, फिल्मचा घ्या. कपॅसिटरमधून सरळ ट्रान्झिस्टरचा बेस चालवू नका, मध्ये ऑपअँपचा बफर हवा.

ट्रिगर दाबताच मोटर सुसाट सुटत असेल किंवा थांबूनच जात असेल, तर चौदावी आणि तिसरी पिन तपासा. वाढत्या व्होल्टेजला मोटर वेगाने पळत असेल अशा रचनेत संदर्भ चौदाव्या पिनवर आणि कॅमेरा तिसरीवर लागतो. उलट झालं तर मागे पडलेल्या मोटरला सर्किट आणखी मागे ओढतं. आणि दुसऱ्या पिनवरचा एक्सऑर कम्पॅरेटर इथे वापरू नका. तो दुप्पट किंवा निम्म्या वेगालाही लॉक होऊ शकतो.

मग खरी फिल्म

सगळ्या रांगा जुळल्यावरच एक कार्ट्रिज खर्च करा. ट्रिगर दाबा, लॉकचा दिवा लागू द्या, आणखी दोन सेकंद थांबा, टाळी द्या. मध्येच एखादी टाळी, आणि कार्ट्रिज संपायला दहा सेकंद असताना शेवटची. शक्य असेल तर कॅमेऱ्याचा पल्स याही वेळी उजव्या चॅनलवर घ्या. स्कॅन आल्यावर काही सुटलंच तर ते कॅमेऱ्यात सुटलं की स्कॅनमध्ये, याचा पुरावा हातात असेल. पहिली आणि शेवटची टाळी एका फ्रेमच्या आत जुळली की सर्किट चित्रीकरणाला न्यायला हरकत नाही.

त्याआधी एकच चाचणी उरते. कॅमेरा आणि सेल तासभर फ्रिजमध्ये, हवाबंद पिशवीत ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवीतच खोलीच्या हवेवर थोडा वेळ येऊ द्या, म्हणजे काचेवर दव बसणार नाही, पण आतलं ग्रीस अजून घट्ट आहे तोवर चालवून बघा. मग सेलच्या जागी बदलता येणारा पॉवर सप्लाय लावा आणि व्होल्टेज हळूहळू कमी करत लॉक कधी सुटतो ते पाहा. तो आकडा डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा. चित्रीकरणाच्या वेळी मोटर चालू असताना सेलचं व्होल्टेज त्या आकड्याच्या अर्धा व्होल्ट वर आलं, की सेल बदला.